दोन तासांत संपणारा खेळ

ट्रॉयमधल्या मुलांचा नव्या गेमबद्दलचा पहिला प्रश्न ठरलेला: किती तासांचा आहे? साठ तास म्हटलं की डोळे चमकतात, शंभर म्हटलं की विचारायलाच नको. ‘गोरोगोआ’ दोनेक तासांत संपतो असं मी सांगितलं, तेव्हा ओळखीतल्या एका विद्यार्थ्याने विचारलं, ‘‘मग त्यावर पैसे कशाला घालवायचे?’’ आज मला त्या दोन तासांची बाजू मांडायची आहे.

ट्रॉय हे न्यूयॉर्क राज्यातलं, हडसनकाठचं जुनं कारखानदारीचं शहर. एके काळी शर्टाच्या सुट्या कॉलरी आणि घोड्यांचे नाल इथून देशभर जायचे. आता इथे गेम तयार होतात. कार्तिक आणि गुहा बाला या भावांनी १९९१ मध्ये, शाळेत असतानाच, आपली पहिली गेम कंपनी काढली आणि २०१६ मध्ये ट्रॉयमध्ये ‘व्हेलन स्टुडिओज’ सुरू केला. टेकडीवरच्या आरपीआय या विद्यापीठात तर गेम घडवण्याची रीतसर पदवी मिळते. तिथे शिकणाऱ्या मराठी मुलांचे आईवडील अजूनही ‘गेम’ म्हटलं की धास्तावतात. त्यांची धास्ती खोटी नाही. न संपण्यासाठीच रचलेले गेम पुष्कळ आहेत.

‘गोरोगोआ’ त्यातला नाही. जेसन रॉबर्ट्स या माणसाने हातातली नोकरी सोडून, एकेक चित्र स्वतः काढत तो अनेक वर्षं घडवला आणि डिसेंबर २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी त्याला पदार्पणाचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. पडद्यावर चार चौकटी, त्यांत चित्रं. बंदुका नाहीत, गुण नाहीत, घड्याळ नाही. चित्राच्या आत शिरायचं, बाहेर यायचं, चौकटी सरकवायच्या. एखाद्या चित्रातलं दार तेवढं उचलून दुसऱ्या चित्रावर ठेवलं की गोष्टीतला मुलगा त्यातून चालत भलत्याच जागी पोचतो. गोष्ट एकाच माणसाच्या वेगवेगळ्या वयांची आहे, मध्ये युद्धाने पडझड झालेलं शहर आहे, आणि हे सगळं एकाही शब्दाविना.

शब्द नाहीत म्हणूनच साताऱ्याहून आलेली माझी आई तो खेळू शकली. बाहेर गुडघाभर बर्फ, त्यामुळे दुपारी कुठे जाणं नाही. मी टॅबलेट तिच्या मांडीवर ठेवला. थोडा वेळ तिने नुसतंच पाहिलं. मग म्हणाली, ‘‘अगं, तो कावळा या फांदीवर यायला पाहिजे.’’ तिने बोटाने चौकट सरकवली. कावळा बसला, फांदी हलली आणि सफरचंद वरच्या चित्रातून सुटून थेट खालच्या चित्रातल्या वाडग्यात पडलं. आई केवढ्याने हसली! इंग्रजी सूचनांपुढे नेहमी माझ्याकडे वळून बघणारी ती, त्या दुपारी मलाच सांगत होती, ‘‘थांब, तू हात लावू नकोस.’’

छोटेपणाला कमी लेखण्याची सवय आपल्याला खरं तर नसावी. पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकेला कुणी ‘तीन अंक का नाहीत’ म्हणून विचारत नाही. तासाभरात ती नीट उभी राहिली का, एवढंच आपण बघतो. गेमलाही तोच निकष लावावा. शिवाय शेवट असलेल्या गेमचा एक फायदा ट्रॉयमध्येच दिसला. व्हेलनचा ‘नॉकआउट सिटी’ हा ऑनलाइन गेम २०२१ मध्ये आला, हंगामामागून हंगाम चालला आणि जून २०२३ मध्ये त्याचे सर्व्हर बंद झाले. खाजगी सर्व्हरवर खेळता येईल अशी आवृत्ती कंपनीने दिली, हे चांगलंच केलं. पण अनोळखी माणसांची ती रोजची गर्दी हाच ज्या खेळाचा प्राण, तो गर्दीबरोबर ओसरतो. ‘गोरोगोआ’ला सर्व्हर लागत नाही, गर्दीही लागत नाही. एकटा माणूस दहा वर्षांनीही तो पहिल्यापासून शेवटपर्यंत तसाच खेळेल.

खेळायचा असेल तर शक्यतो फोनवर नको, टॅबलेटवर खेळा, चित्रांतले बारकावे दिसायला हवेत. आवाज चालू ठेवा, जोएल कोरेलिट्झचं संगीत हळूच वाट दाखवतं. अडलात तर यूट्यूबवर उत्तर शोधू नका. घरातल्या ज्या माणसाला गेममधलं काही कळत नाही असं तुम्ही धरून चालला आहात, त्याला शेजारी बोलवा.