घोडनदीतलं हाड डायनासोरचं नाही, पण म्हणून फोडायचं का?

परवा एका मित्राने फोटो पाठवला. घोडकाठच्या दरडीतून निघालेलं दगडासारखं जड हाड. खाली लिहिलेलं, "डायनासोर?" तासाभरात तोच फोटो चार ग्रुपवर फिरला.

मंडळी, आपल्याकडे डायनासोर मिळणं जवळजवळ अशक्यच. शिरूर-दौंडात कुठंही बोअर घ्या, मुरमाखाली काळा पाषाणच लागतो. तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. डायनासोर संपले ते याच सुमारास. त्यांची हाडं असलीच तर या थरांच्या खाली गाडलेली.

महाराष्ट्रात ती मिळतात चंद्रपूरच्या वरोरा तालुक्यात, पिसदुऱ्याला. तिथला लमेटा खडक लाव्हाच्या आधीचा. तो समुद्रकाठी साचला की नदी-तळ्यांत, यावर भूशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं भांडले. पिसदुऱ्याची खरी गंमत हाडांत नाही, शेणात आहे! तिथल्या दगड झालेल्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म कण सापडले आणि डायनासोरच्या काळात गवत होतं हे २००५ साली जगाला कळलं. शेतात पडलेले ते गोळे कुणी फेकून दिले असते तर?

मुंबईत वरळीच्या खडकात, लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात, बेडूक आणि कासवाचे जीवाश्म मिळाले. त्या बेडकाला १८४७ मध्ये रिचर्ड ओवेनने नाव दिलं, डायनासोर हा शब्द देणारा तोच. आज वरळीत टॉवर आहेत.

आता आपलं. इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ उत्खनन केलं, ते ताम्रपाषाण काळातल्या शेतकऱ्यांचं गाव. घोडकाठच्या जुन्या गाळात हिमयुगातल्या जनावरांची हाडंही मिळाली आहेत. वय हजारांत, कोटींत नाही. पण आपल्या नदीची आहेत ती! आणि आपण काय करतो? रात्री पोकलेन लावून वाळू उपसतो, काठ ढासळले की गाळासकट सगळं डंपरमध्ये. वाळूचोरीच्या पंचनाम्यात ब्रास मोजतात, हाडं कोण मोजणार?

तहसील कचेरीत एक कपाट आणि नोंदवही ठेवायला किती खर्च येतो? हाड मिळालं की जागेवरच फोटो काढा, धुऊ नका, फोडू नका, डेक्कन कॉलेजला कळवा.

मित्राच्या पोरांनी मात्र आत काय आहे बघायला ते फोडलंय. दोन तुकडे गोठ्यात ठेवलेत. रविवारी बघायला चाललोय, कुणाला यायचं तर कमेंट करा.