नाव राजाचे, अंग मुठीएवढे!

काळी पाठ, पांढरे पोट आणि तुरुतुरु चाल. उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रातला हा चिमुकला पक्षी पाहून कुणालाही पेंग्विनचे पिल्लू आठवेल. पण पेंग्विनांचा मुलूख दक्षिणेचा, शिवाय त्यांना उडता येत नाही. हे महाशय भरभर पंख मारीत उडतात आणि त्याच पंखांनी पाण्याखाली पोहतातही. आकार साळुंकीहून थोडा लहान, वजन साधारण दीडशे ग्रॅम.

इंग्लंडमध्ये याला ‘लिटल ऑक’ म्हणतात. अमेरिकेत तो ‘डव्हकी’, म्हणजे छोटे कबूतर. न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांनी जाडजूड मान पाहून त्याला चक्क ‘बैलपक्षी’ केले. खरी गंमत पुढेच आहे. अटलांटिकमधल्या ऑक कुळात हा सर्वांत लहान. तरी नॉर्वेत तो ‘ऑकांचा राजा’, तर डेन्मार्कमध्ये थेट ‘सागराचा राजा’!

शास्त्रज्ञांनी तरी काय केले? १७५८ साली लिनियसने त्याला ‘अल्ले’ हे नाव दिले. हा शब्द सामी लोकांचा, आणि तोही एका लांब शेपटीच्या बदकासाठी. त्या बदकाच्या नराच्या ओरडण्यावरून तो पडलेला. लिनियसची बहुधा गफलत झाली. चूक मात्र कायम राहिली.

वायव्य ग्रीनलंडमध्ये उन्हाळ्यात हे पक्षी कोट्यवधींच्या संख्येने येतात. दगडांच्या फटीत मादी एकच अंडे घालते. तिथले इनुइट लोक लांब दांड्याच्या जाळीने उडते पक्षी पकडतात. सीलच्या कातड्याच्या पिशवीत ते शेकड्यांनी भरून, दगडाखाली महिनोन्‌महिने आंबवतात. ‘किविआक’ नावाचा हा पदार्थ हिवाळ्यात लग्नाला, वाढदिवसाला काढतात. आपल्याला तो वासच सोसणार नाही!

या राजाचे पोट भरते ते तांदळाच्या दाण्याएवढ्या कवचधारी जीवांवर. दिवसाला सुमारे साठ हजार लागतात. थंड पाण्यातले जीव चरबीने भरलेले असतात. समुद्र तापू लागला, की त्यांच्या जागी लहान, कमी चरबीचे येतात. मग तेवढ्याच पोटासाठी बुड्या वाढतात, पिलाला घास उशिरा मिळतो.

आइसलंडच्या ग्रिम्से बेटावर पूर्वी थोडी जोडपी अंडी घालीत. विसाव्या शतकाच्या अखेरीस तीही नाहीशी झाली. उत्तरेकडून आलेले पाहुणे मात्र हिवाळ्यात अजून त्या किनाऱ्यांजवळ दिसतात.