हौस कोणाला परवडते?

आपल्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात 'निमंत्रित संघांची भव्य स्पर्धा' असा बॅनर लागला नाही असा हिवाळा जात नाही. कबड्डी म्हणा, टेनिस बॉल क्रिकेट म्हणा. पण निमंत्रित संघ म्हटलं की जगात पहिलं नाव घेतलं जातं ते रग्बीतल्या बार्बेरियन्सचं. त्याची गोष्ट सांगतो, कारण तिच्यात आपल्या पोरांचा एक प्रश्न अडकलाय. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

रग्बी म्हणजे अंडाकृती चेंडू घेऊन पळायचं आणि समोरच्याने धरून पाडायचं. कबड्डीवाल्यांना पकड शिकवायला नको. आपल्याकडे मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर पावसाळ्यात, क्रिकेट बंद असतं तेव्हा, हा खेळ चालतो. इंग्लंड आणि स्कॉटलंड ज्या 'कलकत्ता कप'साठी 1879 पासून भांडतायत, तो कप कलकत्त्याचा गोऱ्यांचा क्लब बंद पडला तेव्हा बँकेतले चांदीचे रुपये वितळवून बनवलेला. झाकणावर हत्ती, कड्यांच्या जागी नाग. असो.

1890 च्या एप्रिलमध्ये पर्सी कार्पमेल नावाचा खेळाडू दौऱ्यावर असताना उत्तर इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात उतरला होता. रात्री कालवांची मेजवानी झाली आणि तिथेच मित्रांना त्याने कल्पना सांगितली, की वेगवेगळ्या क्लबांतले खेळाडू बोलावून एक फिरता संघ काढू. त्याला मैदान नाही, क्लबची इमारत नाही. अर्ज करून आत जाता येत नाही, बोलावणं यावं लागतं. बोलावताना दोनच गोष्टी बघायच्या, खेळ कसा आणि वागणूक कशी. पहिला सामना त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हार्टलपूल रोव्हर्सशी झाला. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट सगळ्यांना सारखा, पण मोजे ज्याच्या-त्याच्या मूळ क्लबचे. आणि देशाकडून कधीच न खेळलेला निदान एक तरी गडी संघात घ्यायचा, अशी प्रथा.

मला हे मोजे फार आवडतात. म्हणजे तू आमच्यात आलास तरी तुझं मंडळ सोडायला कोणी सांगत नाही. आपल्याकडे अंबरनाथचा पोरगा बदलापूरच्या मंडळाकडून एक सामना खेळला तर वर्षभर टोमणे ऐकतो!

या संघाने 27 जानेवारी 1973 ला कार्डिफमध्ये न्यूझीलंडला 23-11 असं हरवलं. चार-दोन दिवस एकत्र सराव केलेल्या लोकांनी जगातल्या सगळ्यात कसलेल्या संघाला! गॅरेथ एडवर्ड्सने त्यात केलेला ट्राय अजून लोक शोधून-शोधून बघतात. 2017 पासून बार्बेरियन्सचा महिला संघही आहे.

आता दुसरी बाजू, जी कौतुकाच्या लेखांत सहसा येत नाही. हे सगळं 'हौशी' होतं. खेळायचे पैसे नाहीत. ऐकायला छान वाटतं. पण ब्रॅडफर्ड म्हणजे लोकरीच्या गिरण्यांचं शहर. तिथले आणि आसपासचे खेळाडू गिरणीत, कोळशाच्या खाणीत राबणारे. शनिवारी सामन्याला गेलं की तेवढी मजुरी बुडायची. उत्तरेतले क्लब म्हणाले, खेळायचे पैसे नका देऊ, पण बुडालेली मजुरी तरी भरून द्या. 1893 मध्ये लंडनच्या सभेत हा ठराव 282 विरुद्ध 136 मतांनी पडला. वकील, डॉक्टर, जमीनदार घरचे लोक म्हणाले, पैशाने खेळ बाटतो. त्यांना म्हणायला काय जातंय? दोन वर्षांनी, 1895 मध्ये, उत्तरेतल्या क्लबांनी वेगळी चूल मांडली आणि बुडालेल्या मजुरीपोटी दिवसाला सहा शिलिंग द्यायला सुरुवात केली. त्यातून रग्बी लीग हा वेगळा खेळच तयार झाला. तिकडे गेलेल्याला मूळ रग्बीची दारं जन्मभर बंद. ही शिवाशिव पार 1995 पर्यंत चालली, जेव्हा मूळ रग्बीनेच पैसे घेणं मान्य केलं. आणि वेगळी चूल मांडणाऱ्यांचा पहिला विजेता कोण? ब्रॅडफर्डचाच मॅनिंगहॅम क्लब! जिथे हौशी संघाची मेजवानी झाली, त्याच गावचे कामगार.

आता आपल्याकडे या. अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत कंत्राटावर असलेला, उल्हासनगरात जीन्स शिवणारा, बदलापूरहून पहाटेची लोकल पकडून ठाण्याला जाणारा पोरगा संध्याकाळी मॅटवर उतरतो. खाडा झाला की पगार कापला. गुडघा गेला तर महिनाभर घरी. आयोजकाकडे मंडप, डीजे, एलईडी, पाहुण्यांच्या शाली, मालिकावीराला बाईक, सगळ्याला पैसे असतात. हरलेल्या संघाच्या सातव्या गड्याला काय मिळतं? वडापाव आणि टी-शर्ट, त्यावर साहेबांचा फोटो. कोणी बोललंच तर उत्तर ठरलेलं, 'अरे, खेळासाठी खेळा.'

पूर्वी महिंद्रा, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम यांच्या कबड्डी संघांत खेळाडूला नोकरी असायची. कागदावर तो हौशी, पण घर चालायचं. 2014 ला प्रो कबड्डी आली आणि वरच्या मूठभरांचं भलं झालं, आनंदच आहे. पण त्या नोकऱ्या आटत गेल्या आणि मधला पोरगा लटकला. गंमत म्हणजे देशाच्या कबड्डी महासंघाच्या नावात 'अमॅच्युअर' हा शब्द अजून आहे.

म्हणून माझं म्हणणं असं. बार्बेरियन्सकडून निमंत्रणाची रीत जरूर घ्या. उल्हासनगर महापालिका, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषद यांनी मिळून तिन्ही शहरांचा एक निमंत्रित संघ काढावा, मुलींचा आणि मुलांचा. मोजे आपापल्या मंडळाचे! निवड खेळ आणि वागणूक बघून, एक जागा कधीच जिल्हा न खेळलेल्याला. पण हौशीपणाचा जुना हट्ट तिथेच ठेवा. जो आयोजक महापालिकेचं किंवा नगरपरिषदेचं मैदान मागेल, त्याला परवानगी देताना दोन अटी घाला. प्रत्येक खेळाडूचा अपघात विमा, आणि बुडालेल्या दिवसाची मजुरी, हरलेल्यालासुद्धा.

एवढ्याने स्पर्धा बंद पडतील असं कोणी म्हणेल. एका डीजेच्या रात्रीचं बिल काढा आणि दोन्ही संघांच्या चोवीस पोरांची एका दिवसाची मजुरी काढा. आकडे कमेंटमध्ये टाका, मीही टाकतो. यंदाच्या स्पर्धांच्या परवानग्यांचे अर्ज निघायच्या आत हे निवेदन तिन्ही ठिकाणी द्यायचं आहे. सही करणाऱ्यांनी आपलं मंडळ आणि गाव लिहा.