तैलभक्षक जंतूंचा भरंवसा

'समुद्रांत सांडलेलें तेल सूक्ष्म जंतू खाऊन टाकितात. मग चिंता कशाची?' असें कित्येक म्हणतात. आम्हांस हें पटत नाहीं. इ. स. १९८९ च्या जानेवारींत दक्षिण ध्रुवखंडाच्या किनाऱ्यानजीक 'बाहिया पाराइसो' हें आर्जेन्टिनाचें जहाज खडकावर आदळून सुमारें ६ लक्ष लिटर डिझेल पाण्यांत गेलें. खडकांस चिकटून राहणारे शंखजातीचे प्राणी थोड्याच दिवसांत पुष्कळ मेले. तशा थंड पाण्यांतही तेलावर जगणारा 'ओलेइस्पिरा अंटार्क्टिका' हा जंतू आहे खरा; परंतु आरंभीं असे जंतू विरळच. तेल मिळाल्यावर त्यांची प्रजा वाढते, तीही पाण्यांतून पुरेसें नत्र व स्फुरद लाभलें तरच! आमच्या देशाच्या तेथील 'भारती' ठाण्यासही इंधन जहाजानेंच जातें. तें उतरविणाऱ्यांनीं या जंतूंच्या भरंवशावर नळीचा एक सांधाही सैल ठेवूं नये.