शीळ घातली की खांद्यावर येणारा पोपट

पुतण्यानं परवा व्हिडिओ दाखवला. परदेशातला मकाव माळावर मोकळा उडतोय, शीळ घातली की खांद्यावर येऊन बसतोय. म्हणतो, "काका, बांधावरच्या आंब्याच्या ढोलीतलं एक पिल्लू काढू का? असंच शिकवतो."

मी नाही म्हटलं. हुरड्यात याच पोपटांमागं मी गोफण घेऊन पळतो, तरी नाहीच. आपला हिरवा पोपट १९७२ च्या वन्यजीव कायद्यात येतो, पाळणं गुन्हा आहे.

शिवाय ते मकाव लहानपणापासून हातावर वाढवलेले. आधी घरातच, हातभर अंतरावरून बोलवायचं, आला की सूर्यफुलाचा एक दाणा. असं महिनोन्महिने. पिंजऱ्यात वर्षं काढलेला पक्षी एकदम बाहेर सोडला तर उंच झाडावर जातो अन् खाली कसं उतरायचं तेच त्याला कळत नाही. वारा सुटला की गेलाच. शिक्रा टपलेला असतो ते वेगळंच. परत आलेल्या पोपटाचा व्हिडिओ सगळे टाकतात, न आलेल्याचा कोण टाकतो?

आता पोरगं रोज संध्याकाळी आंब्यापासून लांब बसून मोबाईल धरतंय. पिल्लं ढोलीतनं डोकावायला लागलीत. उडाली की व्हिडिओ इथंच टाकतो.