लाकडी पेन, स्टॉलचे भाडे आणि वहिनींची मजुरी

आपल्या वस्त्यांमध्ये हातात कसब असलेली माणसे घरटी एक तरी सापडतील. कमतरता आहे ती कसबाची किंमत करता येण्याची. वस्तू सुंदर बनते, लोक कौतुक करतात, आणि संध्याकाळी खिशात बघावे तर मालाचेही पैसे सुटलेले नसतात. अलीकडे हस्तकलेच्या वस्तूंची व्यापारी प्रदर्शने गावोगाव भरू लागली आहेत व आपली मुले-माणसे तिथे स्टॉल घेऊ लागली आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. म्हणूनच या वेळी एका स्टॉलचा हिशेब वाचकांपुढे मांडावा असे आम्ही ठरविले.

आमच्या शेजारी राहणारे एक बंधू फर्निचरच्या कारखान्यात 800 रुपये रोजाने कामाला जातात. तिथे उरलेले साग, शिसव, बाभळीचे तुकडे ते मालकाला पैसे देऊन घरी आणतात आणि सुटीच्या दिवशी छोट्या लेथवर त्यांचे पेन बनवितात. काम दिसते तितके सोपे नाही. वीतभर लांबीचा, दोन बोटे रुंदीचा तुकडा घ्यायचा, त्याला मधोमध सरळ भोक पाडायचे, त्यात पितळी नळी एपॉक्सीने चिकटवायची. ती वाळली की पोलादी सळईवर चढवून लेथवर फिरवायचे आणि पटाशी धरून गोल कातायचे. मग जाड्यापासून बारकापर्यंत पॉलिशपेपर मारायचा. शेवटी मेण किंवा लाख. कर्नाटकातल्या चन्नपट्टणचे कातारी फिरत्या खेळण्यावर लाखेची कांडी दाबून धरतात; घर्षणाच्या उष्णतेनेच लाख वितळते आणि रंग बसतो. तोच प्रकार. भोक जरा तिरके गेले की लाकूड फाटते व सगळी मेहनत केरात जाते.

या बंधूंनी तीन दिवसांच्या एका प्रदर्शनात स्टॉल घ्यायचे ठरविले. भाडे 6,000 रुपये. ते भरले मुलीच्या कॉलेजप्रवेशासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून. महिन्याच्या आत ते परत जागेवर यायला हवे होते. म्हणून वहिनी आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, "भाऊजी, हे म्हणतात अडीचशेला एक पेन विकू. पाच-दहा रुपयांत पेन मिळतो, त्यात अडीचशे तरी कोण देणार? तुम्ही जरा बघा."

आम्ही पडलो कारकून. आम्ही वही उघडली. एका पेनाला लाकूड 20 रुपये, रिफिल-क्लिप-नळी मिळून किट 110, एपॉक्सी, पॉलिशपेपर व नासधूस 15, डबी 15. एकूण 160 रुपये. बंधूंचे म्हणणे, 250 ला विकला तर 90 रुपये नफा. वरवर पाहता बरोबर. पण स्टॉलचे भाडे 6,000, जाण्यायेण्याचा व जेवणाचा खर्च 1,800, टेबलावरचे कापड व पाटी 600, असे 8,400 रुपये कुठे गेले? समजा तीन दिवसांत 60 पेन खपले. 250 प्रमाणे 15,000 रुपये आले. त्यातून मालाचे 9,600 आणि स्टॉलचे 8,400 वजा केले की 3,000 रुपये अंगावर! मजुरी तर एका पैशाची धरलेली नाही. म्हणजे सगळे पेन हातोहात खपले असते, लोकांनी वाहवा केली असती, आणि मुलीच्या प्रवेशाचे पैसे बुडाले असते.

खरा हिशेब असा की, मालाचे 160, एका तासाच्या मजुरीचे 100 आणि स्टॉलच्या खर्चाचा प्रत्येक पेनावर पडणारा वाटा 140. झाले 400 रुपये. त्यावर थोडा नफा धरून किंमत ठरली 450. वहिनींनी कपाळाला हात लावला. आम्ही म्हटले, "वहिनी, पाच रुपयांच्या पेनाशी तुमची स्पर्धाच नाही. तो लिहायला घेतात. हा कुणाला तरी द्यायला घेतात."

प्रदर्शनात झालेही तसेच. पहिल्या दिवशी 11 पेन गेले. बंधूंचा धीर सुटला व ते किंमत उतरवायला निघाले. वहिनींनी ऐकले नाही. त्यांनी टेबलावर कोऱ्या कागदांचा गठ्ठा ठेवला आणि येणाऱ्याच्या हातात पेन देऊन "नाव लिहून बघा" म्हणू लागल्या. प्रत्येक पेनापुढे लाकडाचे नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवली. शेजारी एक न कातलेला ओबडधोबड तुकडा ठेवला, म्हणजे कशातून काय झाले ते न सांगता कळावे. दुसऱ्या दिवशी 18 गेले, तिसऱ्या दिवशी 31. बरोबर 60.

आले 27,000. खर्च 18,000 वजा जाता उरले 9,000. मुलीचे पैसे जागेवर आले. पण वही इथे मिटू नये. पेन बनवायला 60 तास, म्हणजे साडेसात दिवस लागले. स्टॉलवर दोघे तीन-तीन दिवस उभे राहिले, ते सहा रोज. साडेतेरा रोजांना 9,000, म्हणजे रोजाला 667 रुपये. कारखान्यात 800 मिळतात! वहिनींच्या उभे राहण्याचे मोल धरले नसते तर हे कधी कळलेच नसते. आपल्याकडे घरच्या बाईची मजुरी फुकटात धरायची सवय आहे आणि म्हणून पुष्कळ घरगुती धंदे कागदावर नफ्यात आणि प्रत्यक्षात तोट्यात चालतात.

मग प्रदर्शनाचा फायदा काय? फायदा तिसऱ्या दिवशी दुपारी आला. एका व्यापाऱ्याने नाव कोरलेले 100 पेन मागितले. आधी म्हणाला, 250 ने द्या आणि पैसे तीन महिन्यांनी. शेवटी 380 रुपये ठरले. निम्मे, म्हणजे 19,000 आगाऊ, बाकी माल पोचल्यावर. सगळे लेखी. या कामाला स्टॉलचे भाडे नाही. मालाचे 160 व कोरण्याचे 20 वजा जाता पेनामागे 200 रुपये सुटतात. शंभर तासांचे, म्हणजे साडेबारा रोजांचे, 20,000. रोजाला 1,600 रुपये. म्हणून स्टॉल घेणाऱ्याने गल्ला मोजण्याबरोबरच ऑर्डरवहीही उघडी ठेवावी. घाऊक दर घरूनच काढून न्यावा, तिथे घाईत सांगू नये.

उधारीची भीती सगळ्यांनाच असते. त्यासाठी 'उद्यम' नोंदणी करून घ्यावी. आधार व पॅन लागते, सरकारी शुल्क काही नाही. पैसे मागणाऱ्या दलालाकडे जाऊ नये. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे अशा नोंदलेल्या लहान उत्पादकाचे पैसे ठरल्या मुदतीत, आणि ती मुदत कितीही ठरली तरी 45 दिवसांत, द्यावेच लागतात. मुदत ठरलेली नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते. आमच्या बंधूंनी मालाआधी ही नोंदणी केली व बिलावर तिचा क्रमांक घातला. उरलेले 19,000 बाविसाव्या दिवशी जमा झाले.

सुतारकाम करणाऱ्यांसाठी 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजनाही आहे. तीत 18 व्यवसाय धरले आहेत. हत्यारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, ते फेडल्यावर दोन लाखांपर्यंत कर्ज मिळू शकते. लाभ कुटुंबातील एकालाच मिळतो, तेव्हा नाव कुणाचे घालायचे ते घरात बसून ठरवावे.

ज्यांच्या घरी शिवण, विणकाम, मातीकाम, लाकूडकाम असे काही चालते, त्यांनी आजच एक दोनशे पानी वही आणावी. पहिल्या रकान्यात माल, दुसऱ्यात तास, तिसऱ्यात वाटखर्च लिहावा. आणि तासांच्या रकान्यात घरातल्या बाईचे नाव पुरुषाच्या नावाशेजारी, त्याच दराने लिहावे. किंमत ठरवायची ती त्यानंतर.