औषधाची किंमत कोण ठरवतो?

जागतिकीकरणाने जग जवळ आले, असे आपल्याला वारंवार सांगण्यात येते. ते खोटे नाही. परंतु गरीब रुग्णाच्या अंथरुणापाशी त्या जगातून नेमके काय आले, हे फारसे कुणी विचारीत नाही. नवी औषधे आली, हे मान्य. त्यांच्यासोबत वीस वर्षांची मक्तेदारीही आली.

१९७० च्या भारतीय पेटंट कायद्याने औषधाला पेटंट नाकारले होते. ते मिळे फक्त औषध बनविण्याच्या पद्धतीला. म्हणून आपले कारखानदार निराळ्या पद्धतीने तेच औषध स्वस्तात बनवू शकले. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने एड्सवरील तीन औषधांचा उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. त्याच उपचारासाठी पाश्चात्त्य कंपन्या दहा हजार डॉलरहून अधिक घेत होत्या. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे १ जानेवारी २००५ पासून नव्या औषधांपुरती ही वाट बंद झाली. कायद्यात दोन दारे तेवढी उरली.

पहिले दार हरकतीचे. पेटंट देण्यापूर्वी कुणालाही त्याविरुद्ध दाद मागता येते. नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावर बेडाक्विलिन हे औषध आहे. त्याचे मूळ पेटंट २०२३ मध्ये संपणार होते. पण जॉन्सन अँड जॉन्सनने त्याच्याच एका क्षारावर २०२७ पर्यंत पेटंट मागितले. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी हरकत घेतली. क्षयाच्या जुन्या उपचारात दोघींचीही श्रवणशक्ती गेली होती. मार्च २०२३ मध्ये कंपनीचा अर्ज फेटाळला गेला. ज्यांचे कान औषधाने नेले, त्यांचे म्हणणे कायद्याला ऐकावे लागले!

संशोधनाचा खर्च भरून निघायला नको काय, असा सवाल केला जातो. अवश्य निघावा. परंतु बेडाक्विलिनच्या संशोधनात सार्वजनिक पैसाही मोठ्या प्रमाणावर खर्ची पडला होता. वसूल झालेल्या कर्जावर पुन्हा व्याज मागणाऱ्याला आपल्याकडे सावकार म्हणतात.

दुसरे दार सक्तीच्या परवान्याचे. २०१२ साली ते एकदा उघडले आणि यकृत व मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील एका औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजार रुपयांवरून नऊ हजारांच्या आत आला. त्यानंतरच्या अर्जांना मात्र नकारच मिळाला. आता पहिल्या दारावरही पहारा बसला आहे. मार्च २०२४ च्या नियमांनी हरकतीला शुल्क लावले आणि ती विचारात घ्यावी की नाही, हे अधिकाऱ्याने आधी ठरवावे, अशी तरतूद केली.

वाचकहो, क्षयाच्या रुग्णाने आधी शुल्क भरावे आणि मग जगण्याचा हक्क मागावा, हा कुठला न्याय? हे शुल्क मागे घ्या आणि सक्तीच्या परवान्याचा वापर करा, अशी मागणी आपण आपल्या खासदारांपुढे मांडली पाहिजे. करारांवर सह्या माणसांनी केल्या आहेत. त्यांचा जाबही माणसांनीच विचारायचा आहे.